चुन्याचा डबा

मला कुणी नेमलं नाही.
पंचायतीतला क्लार्क फॉर्म पुढे सरकवतो,
"हुद्दा?"
मी रकाना कोरा ठेवतो, तो उसासा सोडतो,
दरवर्षी.

भात कापून झालं होतं, पारोड्याच्या मळ्यात नुसते सड.
केप्याहून येत होतो, स्कूटरला पिशवी, पिशवीत बांगडे.
बॉल रस्त्यावर आला.
एक्कावन्नाव्या वर्षी माणसानं बॉल जाऊ द्यावा,
पण स्कूटर स्टँडवर लागायच्या आत
हात खाली गेले होते,
उजव्याची दोन बोटं मिटत नाहीत, तरी.
फेकला, जुन्या सवयीनं, खांद्यावरून, लांब,
थेट तिच्या पायात.
वेळिपांची दीक्षा. दहा-अकराची असेल. अनवाणी.
तिनं बॉल थांबवला, मला नीट पाहून घेतलं
आणि म्हणाली, "परत टाक."
टाका नाही. टाक.

त्या रात्री बांगडे मांजरानं खाल्ले.

खाण-कंपनीच्या टीमचा मी गोली होतो.
तीन मोसम बाकावर, दोन मोसम उभा.
तेव्हा हुद्दाही होता: स्टोअर-असिस्टंट.
अकरापर्यंत नटबोल्ट मोजायचे, मग सराव.
आधी टीम बंद पडली, मग खाण.
मी अडवलेले कुणाला आठवत नाहीत.
मडगावच्या बाजारात सांतान अजून
वजन करता करता विचारते,
"तो पायांमधून गेला, तो कसा रे?"
आणि तागडीतलं एक सुंगट काढून घेते.

आम्हाला शिकवलं इनास मेस्त्रीनं.
सुतार. कानामागे पेन्सिल, तोंडात शिव्या,
गोलपोस्ट त्याच्याच फळ्यांचे.
दूध पावडरीच्या डब्याला तळाशी खिळ्यानं भोकं पाडलेली,
तो डबा हलवत चालायचा, मागे चुन्याची रेघ,
करवतीनं कापल्यासारखी.
आम्हाला वाटायचं, पगार असणार त्याला.
एवढं ओरडणारा माणूस
फुकट कशाला ओरडेल?

त्याच्या मयताला गेलो तेव्हा
आनामारीनं डबा माझ्या हातात दिला.
आत चुन्याचा दगड झालेला.
"दुकानात उधारी होती याची," ती म्हणाली,
"ती मी फेडली."

नऊ वर्षं डबा माळ्यावर,
लग्नात आलेल्या तिसऱ्या कुकरशेजारी.
दीक्षाच्या त्या "टाक"नंतर तिसऱ्या संध्याकाळी
मी शिडी लावली.
बायकोनं खालून विचारलं, काय शोधताय?
म्हटलं, काही नाही.

आता सतरा जण आहेत.
माझी रेघ वाकडी येते.
ऑफसाइडवरून भांडताना रोमाल्ड तिच्याकडेच बोट दाखवतो.
मी ओरडतो,
आणि ओरडता ओरडता ऐकू येतं
की या शिव्या माझ्या नाहीत.

जॉयविन तयार झाला, डाव्या पायाचा,
असा दहा वर्षांत एखादा,
आणि त्याचे पोर्तुगीज पासपोर्टचे कागद आले.
स्विंडनच्या गोदामात खोकी लावतो आता.
रविवारी फोन: "कोच, डावीकडे कोण?"
कोणी नाही रे, म्हणतो मी.
खरं तर दीक्षा खेळते. त्याच्याहून बरी.
सांगेन पुढच्या रविवारी.

जूनमध्ये मळा पुन्हा बार्बोझबाईंचा.
नांगर मधल्या वर्तुळातून सरळ जातो, कुणाला विचारत नाही.
गेल्या ऑगस्टात तिनं मला बांधावर बोलावलं.
वाटलं, तक्रार असणार,
फुटलेली बाटली, नाहीतर कुणाचा बूट.
तिनं नुसता हात लांब केला.
सगळ्या हिरव्यात एक जास्त हिरवी पट्टी,
चौकटीसारखी वळलेली,
एका कोपऱ्यात थोडी वाकडी.
"आंबट आहे ही माती," ती म्हणाली, "चुना लागतो तिला."
मी गुडघाभर भातातला
पेनल्टी बॉक्स बघत राहिलो.
छत्री मिटवत, घराकडे वळत ती म्हणाली,
"पुढच्या वर्षी जरा जास्त टाक."